सुभेदाराचं बलुतं

अहमदनगर, एस.टी. डेपो
२८ सप्टेंबर १९५८

तीर्थरूप आक्कास,

वाल्मीकचा नमस्कार, तोही दोन्ही हात जोडून. आज रजा आहे, त्यामुळे हातात तिकिटांची पेटी नाही.

काल चाळीस रुपयांची मनीऑर्डर केली. जुलैचे चाळीस, ऑगस्टचे चाळीस आणि हे चाळीस मिळून एकशेवीस झाले. पाचशे मंगलोरी कौलं गाडीभाड्यासकट तेवढ्यात येतात, मी स्वतः पुण्याच्या वखारीत विचारून आलो आहे. त्यात घराची पुढची बाजू आणि पडवी होईल. मागची बाजू यंदा गवतानेच शाकारू. पाहुणे काही मागून येत नाहीत.

पाहुणे म्हणजे भूगावचे कुशाबा. भाताची मळणी उरकली की घर बघायला येतो असा त्यांचा निरोप आहे. मुलीचं नाव जया, सातवी पास आहे. मी तिला भूगावच्या एका लग्नात पाहिली. ती वाढायला होती आणि मी नको म्हणत असताना तिने मला तिसऱ्यांदा भात वाढला. तेव्हापासून मी या स्थळाच्या मागे आहे. दाजी गेल्यावर तू माहेरी परतलीस आणि मला वाढवलंस, तेव्हा पाहुण्यांसमोर वडीलकीने तूच बसायचं आहे. आपल्या घराबद्दल मी त्यांना सगळं सांगितलेलंच आहे.

आक्का, हे स्थळ हातचं जाता कामा नये. मनीऑर्डर मिळाली की लगेच पुण्याला जा. पावती घे आणि ती जपून ठेव.

तुझा,
वाल्मीक


वाघजाईवाडी, कोळवणजवळ
पेटा मुळशी
१० ऑक्टोबर १९५८

चि. वाल्मीकला आक्काचा आशीर्वाद. त्यासाठी मला रजा काढावी लागत नाही.

मनीऑर्डर वेळेवर मिळाली. पोस्टमनने चहा घेतला, साखर कमी आहे म्हणाला. इकडे पाऊसपाणी ठीक. आंबेमोहराचा दाणा भरत आला आहे आणि खाचरांवरून जाताना वास दरवळतो. तसाच तो रानडुकरांनाही येतो, त्यामुळे वाडीत सगळ्यांची झोप उडाली आहे.

मी पुण्याला जाऊन आले. कौलांचं बघितलं. कौलं चांगली लाल असतात आणि एकमेकांत छान बसतात. सध्या दोनशे आली आहेत, अंगणात रचून ठेवली आहेत. बाकीची येतील. कामं एकेक करून होतात, एकदम करायला गेलं की बिघडतात, हे तुला मी लहानपणापासून सांगत आले आहे.

सुभेदाराला जरा लागलं आहे. सुभेदार म्हणजे शिमग्याला तू आला होतास तेव्हा ज्याने तुझी खाकी विजार फाडली तो काळा कुत्रा. डुकराशी त्याची गाठ पडली. आता बरा आहे, दूधभात खातो.

सहज विचारते, एस.टी.त कुत्र्याचं तिकीट अर्धं पडतं की पुरं? शेजारच्या गेणबाला हवं होतं.

आक्का


अहमदनगर
१७ ऑक्टोबर १९५८

आक्का,

सा.न.वि.वि.

पत्र तीनदा वाचलं. दोनशे कौलांचे अठ्ठेचाळीस रुपये होतात. एकशेवीसातून ते गेले की बहात्तर उरतात. त्या बहात्तरांबद्दल तुझ्या पत्रात एक अक्षर नाही, पोस्टमनच्या चहातली साखर मात्र आहे.

काल, तुझं पत्र हातात पडायच्या आधी, मी पाथर्डीच्या गाडीच्या टपावर सामान चढवत होतो. पुण्याहून आलेला एक ड्रायव्हर खालून म्हणाला, "वाल्मीकराव, सुभेदारांची तब्येत कशी हाय?" मी म्हटलं, आमच्या घराण्यात लष्करात कुणी नाही. मग त्याने सांगितलं, या सुभेदाराला शेपूट आहे. पौडच्या गाडीवर अन्वर मुलाणी म्हणून कंडक्टर आहे, त्याने याला सांगितलं, आणि याने पुणे ते नगर वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर सांगितलं असावं, कारण कँटीनवालाही मला विचारत होता.

मी सोडून साऱ्या खात्याला जे माहीत आहे ते मलाही कळव. गेणबाला कुत्र्याचं तिकीट कशाला हवं होतं? आणि त्याचा नियम मी तुला सांगणार नाही. सांगितला तर पुढच्या वेळी तू रेडा घेऊन चढशील.

कुशाबा यायला फार दिवस राहिले नाहीत. कौलांचं काय झालं ते खरं खरं लिही.

वाल्मीक


वाघजाईवाडी
२३ ऑक्टोबर १९५८

वाल्मीक,

काल दसरा झाला. सणाच्या आधी तुझा जीव खाली-वर करायचा नव्हता. आता सगळं सांगते. तुझ्या खात्यात चुगल्या करायला इतकी माणसं नेमली असतील, हे मला माहीत नव्हतं.

गांधी जयंतीच्या दिवशी तांबडं फुटताना खालच्या खाचरात डुकरं उतरली. त्यांत एक मोठा सुळेवाला नर होता. बाकीची कुत्री बांधावरून भुंकत राहिली, तेवढी अक्कल त्यांना आहे. सुभेदाराला ती नाही. तो थेट अंगावर गेला. डुकरं पळाली, पण सुळा लागून त्याचं पोट उघडलं. मी पोहोचले तेव्हा तो चिखलात पडून होता आणि माझ्याकडे बघून शेपूट हलवत होता. ते शेपूट हललं नसतं, तर तुझी कौलं आज छपरावर असती.

मी जखमेवर हळद दाबली, जुन्या लुगड्याने पोट आवळलं आणि त्याला घोंगडीत गुंडाळलं. त्या दिवशी मी कौलं आणायला पुण्याला निघालेच होते. गेणबाची गाडी पौडपर्यंत ठरली होती, पैसे कनवटीला होते. गेणबा वाटेत तीनदा म्हणाला, "तुळजाक्का, कुत्र्यासाठी कुनी पुण्याला जातंय व्हय? लोक हसतील." मी म्हटलं, "हसू दे, तू गाडी हाक."

पौडला अन्वर म्हणाला, "मावशी, कुत्र्याला गाडीत घ्यायचं का न्हाई, ते मला बी नीट ठावं न्हाई." मी म्हटलं, "माझा भाऊ नगरला कंडक्टर हाय. त्याला समदे नियम पाठ हायेत. तो म्हनतो चालतंय." हे एक तुझ्या नावावर खपवलं, तेवढं पोटात घाल. अन्वर भला माणूस. सरकारी गुरांच्या दवाखान्याला सुट्टी असेल, पुण्याच्या लष्कर भागात सोराबजी म्हणून पारशी डॉक्टर साहेबलोकांची कुत्री बघतात, हे त्यानेच सांगितलं. गाडीतली माणसं आधी नाकाला पदर लावून बसली होती. पिरंगुट येईपर्यंत सगळी डुक्कर केवढं होतं ते विचारायला लागली.

डॉक्टरांनी वही उघडली. नाव विचारलं, मी सुभेदार सांगितलं. जात विचारली, मी कोळवणची सांगितली. त्यांनी दोन्ही लिहून घेतलं. मग पोट बघून चष्मा काढला आणि म्हणाले, "बाई, शिवावं लागेल. पेनिसिलिनच्या सुया लागतील, सहा दिवस इथं ठेवावा लागेल. बहात्तर रुपये. ते जमत नसेल तर एकच सुई देतो, दोन रुपयांची. झोपेल तो शांतपणे."

मी घासाघीस करून बघितली. ते म्हणाले, "बाई, अर्धं पोट शिवू का?"

दोन आणि बहात्तर यांत किती अंतर आहे, ते मला कळत नव्हतं असं समजू नकोस. पण सुभेदार टेबलावर आडवा पडून डॉक्टरांच्या हाताचा वास घेत होता. हा माणूस आपल्याला बरं करणार, असं त्याने धरूनच ठेवलं होतं. मी गाठ सोडली, पैसे मोजून टेबलावर ठेवले, आणि मग मला तुझी आठवण झाली. आधी नाही झाली, याचंच मला वाईट वाटतं.

उरलेल्या पैशांची दोनशे कौलं घेतली आणि सहा दिवसांनी जाऊन सुभेदाराला घेऊन आले. पावती घेतली आहे. दोन्ही पावत्या घेतल्या आहेत.

आक्का


अहमदनगर
३० ऑक्टोबर १९५८

आक्का,

पत्र मिळालं.

बहात्तर रुपये हा माझा जवळजवळ महिन्याचा पगार. तीन महिने मी संध्याकाळच्या जेवणाला चणे-फुटाणे खाल्ले, त्यातून ते साठले होते. आणि कुणासाठी गेले? कुत्रा आपला तरी आहे का? तो चार घरी भाकरी खातो. हैबतराव त्याला वाघ्या म्हणतात, गेणबा काळ्या म्हणतो, भिवाजीने कुठल्या साहेबाचं ऐकून त्याचं टायगर केलं आहे. तो खाचरं सगळ्यांची राखतो, मग पैसे एकट्या माझ्या छपराचे का? प्रत्येकाच्या दारात जा आणि ज्याचा त्याचा वाटा मागून आण.

मी रागावलो आहे, म्हणून जास्त लिहीत नाही. दिवाळीला येत नाही. गर्दीच्या दिवसांत आम्हाला रजा नसते. राग आणि रजा, दोन्ही कारणं खरी आहेत.

वाल्मीक


वाघजाईवाडी
१७ नोव्हेंबर १९५८

चि. वाल्मीकला आशीर्वाद.

तुझ्या वाटणीचे अनारसे डब्यात आहेत. उंदरांनी ठेवले तर पाठवीन.

तू सांगितलंस तशी दारोदार गेले. हैबतराव म्हणाले, "वाघ्या? आमचा वाघ्या तांबडा व्हता. तो मरून दोन वर्सं झाली." गेणबा म्हणाला, "आमी फकस्त भाकरी टाकतो. कुत्रं तुमचं." भिवाजीची बायको म्हणाली, "टायगर म्हनून हाक मारली तर लगीच आमचा झाला व्हय?" त्या दिवशी सुभेदाराइतका बेवारशी जीव साऱ्या मुळशी पेट्यात नसेल. मी घरी आले, त्याला दूध पाजलं आणि दार लावून घेतलं.

मग डुकरांना बातमी लागली. सुभेदार पोटाला पट्टा बांधून माझ्या पडवीत पडलेला, बाकीची कुत्री बांधावरची. पाच-सहा दिवसांत हैबतरावांची चार खाचरं लोळवली. भिवाजी खाचरातल्या राखणीच्या माळ्यावर बसून पत्र्याचा डबा बडवायचा. पहिल्या दिवशी डुकरं दचकली, नंतर डबा वाजला की जेवायला बसायची. भिवाजीला थंडी भरून ताप आला तो निराळाच.

ऐन दिवाळीत हैबतराव तांब्याभर दूध घेऊन दारात हजर. म्हणाले, "वाघ्या कसा हाय?" मी म्हटलं, "कोन वाघ्या? तो तांबडा व्हता, मरून दोन वर्सं झाली." ते टोपी काढून पायरीवर बसले आणि माझ्या अंगणातली कौलं मोजायला लागले.

पाडव्याला वाघजाईच्या देवळात वाडी बसली. रोख पैसे कुणाकडेच नव्हते आणि असते तरी कुत्र्यासाठी कनवटी सुटली नसती. हैबतरावच म्हणाले, "सुतार नांगराचं बघतो, लव्हार फाळाचं बघतो, न्हावी डोक्याचं बघतो, समद्यांना आपन खळ्यावर भात घालतो. ह्यो तर समद्यांचं भात राखतो. ह्याला बी बलुतं लावा." गेणबा म्हणाला, "सरकार वतनं मोडतंय आन् तुमी नवं काढताय." हैबतराव म्हणाले, "सरकारनं डुकरं मोडावी, मग आमी वतन मोडू."

ठरलं असं की बारा घरांनी दरसाल दोन-दोन पायली भात द्यायचं. पण भिवाजीने शंका काढली की बलुतेदाराने खळ्यावर स्वतः आलं पाहिजे, घरपोच बलुतं कुणालाच मिळत नाही. तेव्हा मी आणि सुभेदार सध्या खळ्याखळ्यावर जात आहोत. तो पुढे, मी पोतं घेऊन मागे. माप ओतताना तो अगदी मान वर करून उभा राहतो. त्याला दोन मोती मोजले काय आणि दोन पायली मोजल्या काय, सारखंच.

सगळं विकून पंचवीस रुपये येतील. म्हणजे तीन वर्षांत तुझे बहात्तर फिटतात, वर तीन रुपये राहतात. सुभेदाराने मात्र तेवढी वर्षं जगायला हवं. तेव्हा इथून पुढे पत्रात त्याची खुशाली विचारत जा.

आक्का


अहमदनगर
२७ नोव्हेंबर १९५८

तीर्थरूप आक्कास,

शि.सा.न. सुभेदार कसा आहे?

तुझं पत्र डेपोत मोठ्याने वाचून दाखवलं. हेड कंडक्टर म्हणाले, आपल्यापेक्षा कुत्र्याची नोकरी बरी, निदान तो पुढे चालतो आणि पोतं दुसरं कुणीतरी उचलतं. माझा राग गेला. गेल्या वेळचं लिहिलेलं मनावर घेऊ नको.

आता मला एक कबूल करायचं आहे. कुशाबा सात तारखेला, रविवारी येत आहेत. त्यांच्याशी पहिल्यांदा बोलणं झालं तेव्हा त्यांनी विचारलं, घर कसं आहे? माझ्या तोंडून निघून गेलं, कौलारू आहे. मनात होतं की ते येईपर्यंत होईलच, मग खोटं कसलं? तू पुण्याहून कुत्रा घेऊन परतलीस आणि माझं बोलणं सरळसरळ खोटं ठरलं. मी रागावलो होतो तो बहात्तर रुपयांसाठी कमी आणि या भीतीने जास्त.

तेव्हा तू एवढंच सांग. घर कौलारूच होतं, वाशांना वाळवी लागली म्हणून कौलं उतरवली. दोनशे अंगणात आहेत, तीनशे गेणबाच्या गोठ्यात ठेवली आहेत. पावसाच्या आत चढवणार आहोत. आधी वासे, मग वाळवी, मग गोठा, असं क्रमाने सांगितलंस की चुकणार नाही. एवढं माझ्यासाठी कर. लग्न झाल्यावर मी जन्मात कुणाशी खोटं बोलणार नाही.

तुझा,
वाल्मीक


वाघजाईवाडी
९ डिसेंबर १९५८

चि. वाल्मीक,

आधी आशीर्वाद घे, कारण पुढचं वाचून तुला तो नकोसा होईल.

कुशाबा आले, बरोबर त्यांचे भाऊ होते. हैबतरावांना मी मुद्दाम बोलावून घेतलं होतं. पोहे झाले, चहा ठेवला. तुझे वासे, वाळवी आणि गोठा मी तीन दिवस पाठ करत होते. कुशाबांनी वर छपराकडे पाहिलं, अंगणातल्या कौलांकडे पाहिलं. मी वाशांपासून सुरुवात करणार एवढ्यात गेणबा पोतं घेऊन आत आला. "तुळजाक्का, सुभेदाराचं बलुतं राह्यलं व्हतं, घ्या."

कुशाबांनी विचारलं, "सुभेदार कोन?"

गेणबाने शीळ घातली. सुभेदार आला, पोटावरचे केस अजून उगवलेले नाहीत, टाक्यांची रेघ सगळ्यांना दिसली. मग ज्या गेणबाचा तो कुत्रा नव्हता, त्या गेणबाने सगळी हकीगत सांगितली. डुक्कर त्याच्या तोंडात रेड्याएवढं झालं. पोट शिवताना दिवा त्यानेच धरला होता असं त्याने सांगितलं. तो पौडवरून परतला होता, हे मी मध्ये बोलले नाही.

कुशाबांनी मला विचारलं, "मंग बाकीची कौलं?"

आता वासे म्हणावेत की वाळवी, ते मला सुचेना. सुभेदार समोर बसला होता. मी म्हटलं, "कुत्र्याच्या पोटात गेली."

"आन् आदी घर कौलारू व्हतं म्हनं?"

"कदी न्हवतं. गवताचं व्हतं, गवताचं हाय. पोरानं भीतीपोटी सांगितलं, पोर वाईट न्हाई."

हैबतरावांना खोकला आला. कुशाबांचे भाऊ उठायलाच लागले. कुशाबा मात्र तसेच बसून होते. म्हणाले, "बहात्तर रुपयं. कुनाला इचारलं व्हतं?"

मी म्हटलं, "कुनाला इचारू? इचारत बसले असते तर गाडीतच गेलं असतं ते."

त्यांनी कप खाली ठेवला. डोळे लालभडक झाले होते. टोपी घातली, "कळवतो" म्हणाले आणि मागे न बघता निघाले. अर्धा चहा कपात तसाच राहिला. पाहुणा अर्धा चहा टाकून उठला म्हणजे काय ते मला न सांगता कळतं.

वाल्मीक, तुझं स्थळ मी घालवलं. कुत्रा वाचवला याचं मला अजून वाईट वाटत नाही. पण तुझ्यासाठी जीव तुटतो. परवापासून स्वयंपाकात मीठ पडत नाही, सुभेदारसुद्धा भाकरीचा वास घेऊन बाजूला होतो.

आक्का


अहमदनगर
२० डिसेंबर १९५८

तीर्थरूप आक्कास,

नमस्कार. भूगावहून मला काही निरोप नाही. बारा-तेरा दिवस होऊन गेले, म्हणजे नकारच समजायचा. तो कळवायला कुणी पैसे खर्च करत नाही.

तुझं पत्र आलं त्या रात्री मी तुझ्यावर रागावायला बसलो आणि जमलं नाही. ज्या बाईने मला वाढवलं तिला मी खोटं पाठ करायला लावलं, तेही क्रमाने. लाज वाटते ती याची. तुझ्या जागी मी असतो तर दोन रुपयांची सुई दिली असती, कौलं आणली असती, आणि पुढे आयुष्यभर त्या कौलांकडे बघायचं टाळलं असतं. हे कुणाला सांगू नकोस.

मुलगी मात्र मनातून जात नाही. पंगतीत कुणी भात वाढायला आलं की मी आता नको म्हणत नाही, खाली बघून जेवतो. होईल सवय.

सोबत पाच रुपये पाठवले आहेत. ते कौलांचे नाहीत. स्वयंपाकात मीठ घाल आणि सुभेदाराला दूध सुरू ठेव. अजून तीन वर्षं त्याला नोकरी आहे.

तुझा,
वाल्मीक


भूगाव
२८ डिसेंबर १९५८

तुळजाक्कांस,

जयाचा नमस्कार. नातं अजून व्हायचं आहे, म्हणून मायना काय घालावा ते सुचलं नाही. आबांना सांगूनच हे पत्र लिहीत आहे. पाकिटात घालण्याआधी त्यांना वाचून दाखवायचं कबूल केलं आहे, तरी खरं तेच लिहिते.

आबा तुमच्याकडून आले ते कुणाशी बोललेच नाहीत. काका म्हणाले, मुलगा खोटा निघाला, घर गवताचं आहे, दुसरीकडे बघू. आबा हो नाही की नाही नाही. वीस दिवस असेच गेले. त्यांना तुमचा राग आला असेल असं मलाही वाटलं. परवा मी भाकरी वाढत होते तेव्हा एकदम म्हणाले, "त्या बाईनं कुत्र्यासाठी कुनाला इचारलं न्हाई. मी तुझ्या आईसाठी समद्यांना इचारत बसलो." आणि ताटावर बसूनच रडले. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं.

चार वर्षांपूर्वी माझ्या आईच्या पोटात दुखायला लागलं. पुण्याला न्यायचं की वैदू बघायचा, किती लागतील, कुणाकडून आणायचे, यावर आमच्या ओट्यावर दोन दिवस बोलणं चाललं. सगळी आमचीच माणसं होती, वाईट कुणीच नव्हतं. तिसऱ्या दिवशी गाडी जुंपली. कोथरूडच्या अलीकडे आई गेली. आमच्या घरी याबद्दल कुणी बोलत नाही.

तुमच्या भावाला आबांनी संक्रांतीनंतर इथे बोलावलं आहे. कौलांबद्दल त्यांचा कान धरणार आहेत आणि मी दाराआडून बघणार आहे. त्यांना आधी कळवू नका. इथून पुढे ते जे काही सांगतील, त्याची मी तुम्हाला पत्र टाकून खात्री करून घेईन, असं मी आबांना सांगितलं आहे. आबा म्हणाले, तिकिटांना फार पैसे जातील. लग्न माघात धरू म्हणतात.

छपराचं मनाला लावून घेऊ नका. आमचं घर कौलारूच आहे, आई गेली तेव्हाही होतं. तुमच्या घरात उद्या मी आजारी पडले तर तुम्ही कुणाला विचारत बसणार नाही. म्हणून मी हो म्हटलं आहे.

आपली,
जया